ओट्सची वडी

माझा पहिला ग्रॅनोला बार सुरी लागताच कोसळला. ताटलीत वडीच्या जागी ओट्स, बदामाचे तुकडे आणि बेदाणे यांचा ढीग उरला. आत्या शेजारीच उभी होती. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात तिच्या हातून किलोकिलोनं तिळाच्या वड्या उतरतात, त्यामुळे तिला माझ्या चुऱ्याची कीव आली असावी. चिमूटभर चुरा बोटांत चोळून तिनं विचारलं, “पाक कच्चा का ठेवलास?” यात पाक वगैरे नसतो, मध आणि गूळ तापवून नुसता ओट्सवर ओतायचा असतो, असं मी तिला सांगितलं. “मग त्याला काय म्हणतात?” असं म्हणून ती चहा टाकायला गेली.

माझ्याकडच्या कृतीत “विरघळेपर्यंत गरम करा” एवढंच लिहिलं होतं. विरघळणं आणि पाक होणं यांत चार-पाच मिनिटांचं अंतर असतं. घरी केलेले बार भुसभुशीत होतात त्याचं कारण बहुतेक वेळा याच चार-पाच मिनिटांत दडलेलं असतं. लोक मात्र दोष देतात मधाला, आणि पुढच्या वेळी मध वाढवतात. मग वडी बसत नाहीच, वर ती चिकटही होते.

ग्रॅनोला हे नाव कोर्टकज्जातून आलेलं आहे. न्यूयॉर्क राज्यात डॅन्सव्हिल नावाच्या गावी जेम्स कॅलेब जॅक्सन जलोपचाराचं आरोग्यधाम चालवत असे. १८६३ मध्ये त्यानं कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या कणकेच्या लाद्या भाजल्या, त्या फोडल्या, पुन्हा भाजल्या आणि पुन्हा फोडल्या. या पदार्थाला त्यानं ‘ग्रॅन्युला’ म्हटलं. तो इतका टणक असे, की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय दातांचं काही चालत नसे. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी गहू, ओट्स आणि मक्याचं पीठ वापरून असाच एक पदार्थ केला आणि त्याला नावही तेच दिलं. जॅक्सननं दावा लावला. केलॉगनी एक अक्षर बदललं, आणि १८८० च्या सुमारास ‘ग्रॅनोला’ जन्माला आला. जॅक्सनच्या त्या मूळ पदार्थात मध, तेल, बदाम यांतलं काहीही नव्हतं. आज आपण ज्याला ग्रॅनोला म्हणतो तो खरा हिप्पींचा. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात अन्न अपुरं पडलं, तेव्हा हॉग फार्म नावाच्या कम्यूननं कागदी पेल्यांतून लोकांना ग्रॅनोला वाटला होता. कारखान्यातल्या अन्नाला नकार म्हणून या पिढीनं जे उचललं, तेच १९७५ मध्ये जनरल मिल्सच्या ‘नेचर व्हॅली’ या नावाखाली, वेष्टनात बांधलेला बार होऊन कारखान्यातून बाहेर पडलं.

इंग्लंडमध्ये ओट्सची वडी याहून आधीपासून होती. ओट्स, लोणी आणि ‘गोल्डन सिरप’ एकत्र करून भाजलेल्या त्या वडीला ते फ्लॅपजॅक म्हणतात. हे गोल्डन सिरप लक्षात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे.

आता पाकाकडे वळू. साध्या पाण्याला, समुद्रसपाटीवर, १०० अंश सेल्सिअसच्या पुढे नेता येत नाही. कितीही आच वाढवा, पाणी वाफ होऊन निघून जातं. साखर विरघळलेली असली की गोष्ट बदलते. जसजसं पाणी उडतं तसतसा पाक घट्ट होतो आणि त्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो. म्हणजे उकळत्या पाकाचं तापमान मोजलं की त्यात पाणी किती उरलं आहे ते कळतं. साधारण ११५ अंशांवर पाकात ८५ टक्के साखर असते. थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी होते. १२५ च्या आसपास ९२ टक्के, आणि गोळी घट्ट. १५० च्या घरात साखर ९९ टक्के. वाटीत पडलेला थेंब टण्ण वाजतो आणि वाकवायला गेलं तर मोडतो. हा चिक्कीचा पाक. आमच्या घरी कुणाकडेच थर्मामीटर नव्हता, पण पाण्याची वाटी सगळ्यांकडे होती, आणि ती हेच मोजत होती.

थर्मामीटर असेल तर एक सूचना. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांना उकळतं. मुंबईच्या किंवा न्यूयॉर्कच्या स्वयंपाकघरात लिहिलेल्या कृतीत ११८ म्हटलं असेल तर पुण्यात ११६ लाच थांबायचं. लोणावळ्यालाही हाच हिशेब. आपल्या घरी आधी नुसतं पाणी उकळून आकडा पाहावा आणि १०० पासून जेवढी तूट दिसेल तेवढी प्रत्येक ठिकाणी वजा करावी. वाटीत पडलेल्या थेंबाला हा हिशेब लागत नाही, म्हणून माझा भरवसा अजून वाटीवर जास्त आहे.

चिक्की ही शास्त्राच्या भाषेत काच आहे, खिडकीची असते तशीच. बहुतेक सगळं पाणी उडालेला पाक झटकन थंड झाला की साखरेच्या रेणूंना शिस्तीत रांगा लावायला वेळ मिळत नाही. ते अस्ताव्यस्त अवस्थेतच जागच्या जागी गोठतात. म्हणून चिक्की पारदर्शक, चकचकीत आणि ठिसूळ असते. तिच्यात थोडं पाणी जास्त ठेवलं तर तीच काच खोलीच्या तापमानाला मऊ पडते, ताणली जाते, दाताला चिवट लागते. मऊ ग्रॅनोला बार या अवस्थेतला. पाणी फारच जास्त राहिलं तर पाक गोठतच नाही, नुसता ओला लेप होऊन बसतो. माझा पहिला बार तो होता. थोडक्यात, चिक्की आणि ग्रॅनोला बार यांत फरक आहे तो पाच-दहा टक्के पाण्याचा.

रेणूंना रांगा लावायला वेळ मिळाला तर काय होतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. नारळाची वडी कोरडी, खुटखुटीत होते ती साखरेचे स्फटिक झाल्यामुळे. नारळाच्या वडीत ते हवंच असतं, ग्रॅनोला बारमध्ये नको असतं. तिथे पाक साखरला की वडी भुरभुरते. स्फटिक रोखायचे तर साखरेच्या रांगेत परकी माणसं घुसवावी लागतात. साखरेचा रेणू फुटला की ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन छोटे रेणू मिळतात. ते मध्येमध्ये आले की रांग जमत नाही. आंबट पदार्थ टाकून साखर उकळली की हे फुटणं आपोआप होतं. पाकात लिंबाचे चार थेंब पिळण्याची आपली पद्धत त्याचसाठी. गुळात हे फुटलेले रेणू मुळातच दहा-पंधरा टक्के असतात, आणि मध तर जवळजवळ सगळाच त्यांचा: सुमारे ३८ टक्के फ्रुक्टोज, ३१ टक्के ग्लुकोज आणि १७ टक्के पाणी. इंग्लंडच्या गोल्डन सिरपमध्येही अर्धवट फुटलेली साखरच असते. म्हणून नुसत्या साखरेचा बार फसतो, आणि गूळ-मध जोडीनं घातले की बसतो. संपूर्ण मधाचा केला तरी फसतो. तो घट्टच होत नाही. गुळानं अंग धरायचं आणि मधानं लवचीक ठेवायचं, अशी ही वाटणी आहे.

ओट्सबद्दल दोन गोष्टी. बाजरीचं पीठ आठवड्यात कडू होतं, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. बाजरीत तेल जास्त, आणि दाणा दळला की तेल फोडणारं विकर त्या तेलाला येऊन भिडतं. ओट्सचंही तसंच, गहू-तांदळाच्या मानानं त्यांत स्निग्धांश बराच, सात टक्क्यांच्या आसपास. गिरणीत ओट्सना वाफ देतात ती हे विकर मारण्यासाठी, आणि त्याच वाफेनं मऊ झालेला दाणा रुळांखाली चपटा करतात. पोह्यांची भावकीच म्हणायची. दुकानात ‘रोल्ड’ आणि ‘इन्स्टंट’ असे दोन प्रकार मिळतात. बारसाठी रोल्डच घ्यावेत. इन्स्टंटचे पापुद्रे बारीक तुटलेले असतात, पाक पिऊन त्यांचा लगदा होतो. मसाला ओट्सचं पाकीट चुकून उघडणाऱ्यांसाठी माझ्याकडे उपाय नाही.

दुसरी गोष्ट भाजण्याची. मंद आचेवर जाड बुडाच्या कढईत दहा-बारा मिनिटं, हात न थांबवता. रंग फार बदलत नाही, पण वास बदलतो. पिठूळ वास जाऊन खरपूस वास सुटतो. हा वास प्रथिनं आणि शर्करा यांच्या ज्या अभिक्रियेतून येतो, तिचं वर्णन लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनज्ञानं १९१२ मध्ये केलं. चिवडा करणाऱ्या, शेंगदाणे भाजणाऱ्या प्रत्येक हाताला ती ओळखीची आहे. दाणे, बिया, ओट्स वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. भोपळ्याच्या बिया फुगून टपटप उडायला लागल्या की उतरवाव्यात. जवस फुटायला लागला की लगेच.

प्रमाण मी वजनानं देतो, कारण वाटीनं मोजलेले ओट्स प्रत्येकाच्या हातात वेगळे भरतात. रोल्ड ओट्स २०० ग्रॅम. शेंगदाणे किंवा बदाम, जाडसर कुटलेले, ८० ग्रॅम. भोपळ्याच्या, सूर्यफुलाच्या बिया, जवस आणि तीळ मिळून ७० ग्रॅम. राजगिऱ्याच्या लाह्या २० ग्रॅम. बेदाणे किंवा जर्दाळूचे बारीक तुकडे ९० ग्रॅम. गूळ ११०, मध ९०, तूप ४० ग्रॅम आणि अर्धा चमचा मीठ. मीठ वगळू नका. ते नसलं की गोडी सपाट लागते. वेलची की दालचिनी हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. कोरडं दोन भाग आणि ओलं एक भाग, एवढा हिशेब सांभाळला तर आतल्या वस्तू हव्या तशा बदलता येतात.

यातल्या राजगिऱ्याकडे लोक शोभेची वस्तू म्हणून पाहतात. पण काँक्रीट ओतणाऱ्या कुठल्याही मुकादमाला विचारा. नुसती खडी आणि सिमेंट घेऊन भागत नाही. खडीच्या फटी भरायला वाळू लागते, नाहीतर सिमेंट दुप्पट जातं आणि तरी पोकळ्या राहतात. बारमध्ये ओट्स आणि दाणे ही खडी, पाक हे सिमेंट, आणि राजगिरा, तीळ ही वाळू. फटी भरल्या की कमी पाकात वडी धरते. याच कारणानं अख्खा बदाम घालू नये. सुरी त्याच्यापाशी अडते आणि वडी तिथूनच तडकते.

कृती आता लहानच उरते. भाजलेलं सगळं एका मोठ्या भांड्यात गरम असतानाच एकत्र करायचं. थंड ओट्सवर पाक ओतला तर तो ढवळण्याआधीच आळतो. कढईत तूप, किसलेला गूळ, मध आणि मीठ घालून मध्यम आचेवर उकळी आणायची. फेस आधी मोठ्या बुडबुड्यांचा असतो, मग बुडबुडे बारीक आणि जड होतात. त्या सुमारास पाण्याच्या वाटीत थेंब टाकायला लागावं. थेंब पसरला तर कच्चा. बोटांनी गोळा करता आला आणि गोळीनं आपला आकार धरून ठेवला, तर झाला. थर्मामीटर तेव्हा ११८ ते १२० दाखवेल. एका थेंबापासून पुढच्या थेंबापर्यंत मिनिटभर जातं, तेवढ्यात पाक पुढे सरकतो, म्हणून थेंब पाहताना आच बंद ठेवावी. पाक ओट्सवर ओतून ढवळायचं आणि बेदाणे सगळ्यात शेवटी घालायचे.

आणि थापायचं. माझ्या मते इथे जितकं बळ लागतं तितकं कुठलीच कृती सांगत नाही. वीस सेंटिमीटर चौरस डबा किंवा थाळी घ्या, तळाला तूप लावलेला कागद घाला, आणि सपाट बुडाच्या वाटीनं दाबा. हलक्या हातानं सारखं करणं म्हणजे थापणं नव्हे. वर तूप लावलेला दुसरा कागद ठेवून मूठ टेकवून कोपऱ्यांपासून आत दाबत यावं, निदान तीन-चार मिनिटं. पहिल्या खेपेला माझी दुसरी चूक हीच होती. वडीचा भुगा होऊ नये म्हणून मी हात जपून चालवला होता.

कापायची वेळ साधणं हीही कसरतच. गरम असताना सुरी फिरवली तर वडी पसरते, पूर्ण गार झाल्यावर फिरवली तर तडकते. थाळीच्या बुडाला हात टेकवता यायला लागला की खुणा पाडाव्यात आणि गार झाल्यावर त्याच खुणांवर पुन्हा सुरी दाबावी. सुरी पुढे-मागे ओढायची नाही, वरून खाली दाबायची. दोन उभे पट्टे आणि आठ आडवे केले की दहा सेंटिमीटर लांब, अडीच रुंद अशा सोळा वड्या पडतात. कुरकुरीत आवडत असेल तर थापलेली थाळी १५० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवावी. उरलेलं थोडं पाणी उडतं आणि बार चिक्कीच्या दिशेनं एक पाऊल सरकतो.

खजूर वाटून, पाक न करता केलेल्या बारची हल्ली चलती आहे. चांगला लागतो. पण तो लाडवाच्या जातीचा. त्याला पाकाची काच नसते, खजुराचा चिकट गर आणि त्यातला तंतू यांनीच तो धरून राहतो. त्यात ओल जास्त असते, म्हणून त्याला फ्रिजच हवा.

राजगिऱ्यावरून मेक्सिकोची आठवण होते. तिथे राजगिऱ्याच्या लाह्या मध किंवा गुळासारख्या कच्च्या साखरेच्या पाकात घालून वड्या करतात आणि त्यांना ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद, म्हणतात. हे पीक मूळचं त्यांचं. अझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड रस मळून देवांच्या मूर्ती घडवत आणि विधीनंतर त्या वाटून खात. स्पॅनिश धर्मगुरूंना त्यात आपल्या प्रसादाची नक्कल दिसली आणि त्यांनी ती प्रथा दडपली. तिथे धर्माच्या नावाखाली जो दाणा मागे पडला, तोच इकडे एकादशीच्या ताटात मानानं बसला. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही त्याची शेजारीमंडळीही अमेरिकेचीच. आपला उपास बराचसा परदेशी शिध्यावर चालतो. राजगिऱ्याची वडी आणि आलेग्रिया शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची हे मला सांगता येणार नाही. ग्रॅनोला बार हे दोघींचंही धाकटं भावंड.

आता वेष्टनावर न लिहिलेला हिशेब. वरच्या प्रमाणानं केलेल्या एका बारमध्ये सुमारे १९० कॅलरी निघतात. गूळ आणि मधातून आलेली साखर ११ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन लहान चमचे, बेदाण्यांची वेगळी. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसानं वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेतून निघतं. त्यात मध धरलेला आहे. आपल्याकडे ‘साखर नाही, गूळ घातलाय’ असं अभिमानानं सांगतात. रक्तातल्या साखरेला हा खुलासा ऐकू येत नाही.

ओट्सची कीर्ती आहे ती बीटा-ग्लुकन या विद्राव्य तंतूमुळे. कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी तो दिवसाला ३ ग्रॅम पोटात जायला हवा, आणि तसं वेष्टनावर लिहायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ मध्ये परवानगी दिली. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन साधारण चार टक्के. आपल्या एका बारमध्ये ओट्स साडेबारा ग्रॅम, म्हणजे बीटा-ग्लुकन अर्धा ग्रॅम. तीन ग्रॅम गाठायला सहा बार खावे लागतील, आणि त्यांच्यासोबत अकराशेच्या वर कॅलरी येतील. कोलेस्टेरॉलसाठी ओट्स खायचे असतील तर त्यांची लापशी करावी. बार हा खाऊ आहे. ट्रेकला निघताना, दुपारच्या मधल्या सुट्टीत किंवा एसटीच्या लांबच्या प्रवासात तो चिक्कीइतकाच उपयोगी आहे, आणि मला तेवढं पुरतं.

टिकण्याचा प्रश्न हवेवर अवलंबून आहे. २५ अंश तापमानाला हवेतली आर्द्रता ६२ टक्क्यांच्या आसपास गेली की फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. साध्या साखरेला त्यासाठी ८५ टक्के लागतात. मधातल्या ज्या फ्रुक्टोजनं बार मऊ ठेवला, तेच पावसाळ्यात त्याला घाम फोडतं. जुलैत मुंबई-कोकणात हवा कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. तिथे उघडी ठेवलेली वडी संध्याकाळपर्यंत हाताला चिकटते. म्हणून आषाढ-श्रावणात मध कमी आणि गूळ जास्त घालून पाक दोन-तीन अंश पुढे न्यावा. प्रत्येक वडी कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. उन्हाळ्यात नागपुरात उलटा त्रास होतो. वडी सुकून दगड होते, तिथे मध वाढवावा. चांगल्या पाकात इतकं कमी पाणी मोकळं उरतं की बुरशीला वाव मिळत नाही. दोन-तीन आठवड्यांनी वडी खराब होते ती दाण्यांचं आणि जवसाचं तेल खवट झाल्यामुळे.

आत्या आता माझ्या वड्या खाते. पहिल्या घासाला ती अजूनही पाक तपासल्यासारखी चावते. वड्या काढून झाल्या की कडांचा आणि सुरीखाली सांडलेला चुरा थाळीत उरतो, मूठ-दोन मुठी. तो मी काचेच्या बरणीत भरतो आणि सकाळी वाटीभर दह्यावर घालून खातो. अमेरिकेत असा चुरा मुद्दाम करून, पाकिटात भरून विकतात. त्यालाच ग्रॅनोला म्हणतात.